शब्द अडतात तेव्हा: वाचाघात, स्पीच थेरपी आणि बडोद्याचं मराठी घर

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाला भेटायला आलेली मंडळी दोन गोष्टी हमखास करतात. एक तर त्याच्याशी मोठ्याने बोलतात, जणू कानच गेलेत. आणि त्याच्यादेखतच त्याच्या बायकोला विचारतात, “आता यांना कळतं का हो काही?” बहुतेक वेळा तो प्रश्नसुद्धा त्याला कळलेला असतो. उत्तर देता येत नाही म्हणून तो लालबुंद होतो, आणि मंडळी जिना उतरताना म्हणतात, “फार चिडचिडे झालेत.”

मी बडोद्यात स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारी बरीच घरं मराठी. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथली जुनी, किंवा मांजलपूरकडे फ्लॅट घेतलेली. त्यांना पहिल्या भेटीत जे सांगते तेच इथे जरा सावकाश सांगते आहे.

या अवस्थेला डॉक्टर अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. मेंदूतल्या भाषेच्या यंत्रणेला इजा झाली की बोलणं, दुसऱ्याचं बोलणं समजणं, वाचणं आणि लिहिणं या चारही गोष्टींवर कमीअधिक परिणाम होतो. सगळ्यात मोठं कारण पक्षाघात. त्याखेरीज डोक्याला मार, मेंदूतली गाठ किंवा संसर्ग. पक्षाघात झालेल्या साधारण तीनांतल्या एकाला सुरुवातीला तरी वाचाघात असतो, म्हणजे हे काही जगावेगळं दुखणं नव्हे. माणूस मात्र तोच असतो. सुनेचा स्वभाव, कुणाचे किती पैसे द्यायचेत, क्रिकेटमध्ये कोण जिंकावं, हे सगळं त्याला पूर्वीसारखंच ठाऊक असतं. ते भाषेत उतरवणं आणि दुसऱ्याच्या भाषेतून उचलणं अवघड झालेलं असतं.

जिभेचा दोष नव्हे

शेजारपाजारचे सल्ले लगेच सुरू होतात. वेखंड उगाळून जिभेला लावा. मध चाटवा. फुगे फुगवायला द्या, मेणबत्त्या विझवायला लावा. सल्ला देणाऱ्यांचं मन चांगलं असतं, पण वाचाघातात जिभेचं काही बिघडलेलंच नसतं. आणि मध, पाणी, चाटण यांबाबत तर मी कडक आहे. पक्षाघातानंतर अनेकांचं गिळणंही बिघडतं. घास किंवा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. गिळणं तपासून झाल्याशिवाय तोंडात काही घालू नये. ही तपासणीही स्पीच थेरपिस्टच करतात, हे फार जणांना माहीत नसतं.

जीभ आणि ओठ जड पडून उच्चार पुसट होणं हा वेगळा त्रास, त्याला डिसार्थ्रिया म्हणतात. त्यात शब्द बरोबर सापडतो, वाक्य ठीक असतं, बोललेलं नुसतं बोबडं ऐकू येतं, आणि हात चालत असेल तर तो माणूस तेच कागदावर स्वच्छ लिहून दाखवतो. तिसरा प्रकार म्हणजे स्नायूंत ताकद आहे, शब्दही माहीत आहे, पण तो उच्चारायला तोंड कसं हलवायचं याचा हुकूम नीट पोचत नाही. तिथे माणूस चाचपडत, दर खेपेला वेगळाच उच्चार करतो. हे तिन्ही एकाच माणसात असू शकतात. म्हणून “बोलत नाहीत” एवढ्यावर उपचार ठरत नाही.

डोक्यात काय झालेलं असतं

बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते, डावखुऱ्यांतही बहुतेकांची तिथेच. हाच डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. उजवा हात लुळा पडणं आणि वाचा जाणं ही जोडी इतक्या घरांत दिसते ती त्यामुळे.

१८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. तो माणूस वर्षानुवर्षं ‘तां’ एवढंच बोलत असे, पण बोललेलं त्याला बरंचसं समजे. इजा सापडली डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरांनी उलट चित्र मांडलं. इजा डाव्या कानाच्या वर, जरा मागे असली तर माणूस भरभर बोलतो, पण त्याला समजत कमी आणि त्याच्या बोलण्याला अर्थ लागत नाही. आज स्कॅनमध्ये दिसतं की हद्दी इतक्या आखीव नसतात, मेंदूत दूरदूरची केंद्रं तंतूंनी जोडलेली असतात. तरी ही दोन नावं दवाखान्यात रोज वापरली जातात, कारण त्यांच्यामागचे दोन चेहरे खरे आहेत.

पहिला चेहरा असा. काय झालं होतं म्हणून विचारलं तर काका सांगतात, “सकाळ… चहा… हात… कप… पडला… दवाखाना.” एकेका शब्दाला घाम फुटतो, पण गोष्ट आपल्यापर्यंत पोचते. प्रत्यय गळतात. ‘हाताने’, ‘हाताला’, ‘हातातून’ या सगळ्यांऐवजी नुसता ‘हात’ उरतो. हा ब्रोका प्रकार.

दुसरा चेहरा: “हो हो, ते मी काल बसवलं ना, ते तिकडचं फरवट, मग आपलं ते चालतंच की, तुम्ही बघा.” चाल मराठीची, हेल मराठीचा, मधला शब्द कोशात नाही. बोलणाऱ्याला वाटतं आपण स्पष्ट सांगतोय, समोरचाच मठ्ठ आहे. हा वेर्निके प्रकार. अशा माणसाला घरचे “डोकं फिरलं” म्हणून मानसोपचाराकडे नेतात, असं मी पाहिलंय.

याखेरीज काहींना समजतं, वाक्यंही येतात, पण नेमका शब्द दगा देतो: “ते आपलं… दूध तापवायचं ते… ते हे.” आणि काहींच्या बाबतीत सगळंच गेलेलं असतं, तो सर्वात जड प्रकार.

इथे एक गोष्ट आडवळणाने का होईना सांगायलाच हवी. कुणी अचानक असंबद्ध बोलू लागलं, साधे शब्द अडू लागले, समोरच्याचं समजेनासं झालं, तर हात-पाय धडधाकट असले तरी तो पक्षाघात असू शकतो. साखर कमी झाली असेल, झोप झाली नसेल, जरा पडू द्या, असं करू नका. १०८ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही हे सीटी स्कॅन पाहून ठरतं, आणि ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्रास किती वाजता सुरू झाला हे कागदावर लिहून ठेवलंत तर डॉक्टर तुमचे आभार मानतील.

पहिली तपासणी, आणि बडोद्याचा खास प्रश्न

पहिल्या दिवशी मी फार थोडं शिकवते आणि फार वेळ ऐकते. चित्र दाखवून त्यात काय चाललंय ते सांगायला लावते. वस्तूंची नावं विचारते. “पेन उचला आणि वहीवर ठेवा” अशा सूचना देते. माझ्यामागे शब्द म्हणायला, वाचायला, लिहायला सांगते. समज खोलवर तपासायची असेल तर दोन चित्रं ठेवते. एकात मांजराने उंदीर धरलाय, दुसऱ्यात (कार्टूनवाल्यांच्या कृपेने) उंदराने मांजर. मग म्हणते, “मांजराला उंदराने पकडलं.” वाक्यात मांजर पहिलं आलं म्हणून माणूस पहिल्या चित्रावर बोट ठेवतो. ‘ला’ आणि ‘ने’ त्याच्या हातून निसटलेले असतात. इंग्रजीत कोणी कुणाला धरलं हे शब्दांच्या क्रमावरून कळतं, मराठीत ते प्रत्ययावर लटकलेलं असतं. इंग्रजी चाचणीचं नुसतं भाषांतर करून चालत नाही ते यामुळे. गप्पांत “कळतं यांना सगळं” असं वाटणारे कितीतरी जण या एका वाक्यावर घसरतात, आणि मग घरच्यांना उलगडा होतो की लांबलचक निरोप का उलटेपालटे होत होते.

मग भाषांचा हिशेब. बडोद्यातलं मराठी माणूस एका भाषेत राहतच नाही. घरात मराठी, खंडेराव मार्केटात भाजी घेताना गुजराती, टीव्हीवर हिंदी, नोकरीत इंग्रजी. शाळा कुणाची मराठी माध्यमाची, कुणाची गुजराती. त्यामुळे पहिल्या भेटीतच घरचे विचारतात, “उपचार कुठल्या भाषेत करायचे?” आणि कुणीतरी काकू ठासून सांगतात, “आता एकच भाषा ठेवा, नाहीतर डोक्यात गोंधळ होईल.”

अनेक भाषा येणाऱ्या माणसाला वाचाघात झाला की कोणती भाषा आधी परतते, यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चाललाय. १८९५ मध्ये आल्बेर पित्र या फ्रेंच डॉक्टरांनी मांडलं की झटक्याआधी जी सर्वात वापरात होती ती आधी येते. आईकडून मिळालेली पहिली भाषा आधी येते, असंही मत होतं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळा दोन्ही-तिन्ही भाषा बरोबरीनेच बिघडतात आणि बरोबरीनेच सुधारतात. पण अपवाद भरपूर. एखाद्या आजींची मराठी अडते आणि शेजारणीशी गुजराती फटाफट निघते. एखाद्याच्या भाषा आपोआप एकमेकींत मिसळतात आणि थांबवता येत नाहीत.

म्हणून माझं उत्तर असं: ज्या भाषेत त्या माणसाचा दिवस जातो तिच्यात उपचार करायचे, आणि बाकीच्यांना दार बंद करायचं नाही. बायको मराठी, नातवंडं मराठी-हिंदी, दिवसभर सांभाळणारा माणूस गुजराती असेल तर सरावाचे शब्द दोन्हींतले घ्यावे लागतात. झोपाळ्याचं चित्र दाखवल्यावर एखादे काका म्हणतात “हिंचका”. बाहेरगावच्या थेरपिस्टने ते चूक धरलं असतं. बडोद्यातल्या मराठी घरात जन्मभर तोच शब्द चाललेला असतो. मी पूर्ण गुण देते. वही म्हणायची ती ‘चोपडी’ आली तरी चालेल. शब्द आला आणि समोरच्याला कळला, काम झालं.

वाचनाचं मात्र वेगळं तपासावं. गुजराती माध्यमात शिकलेल्यांना गुजराती लिपी जवळची असते, घरी पेपरही गुजरातीच येतो. अशांच्या हाती आपण अट्टहासाने मराठी पुस्तक देतो आणि “वाचनही गेलं” असा निकाल लावतो. आधी रोजच्या पेपरचा मथळा समोर धरून बघा.

थेरपीत नक्की करतात काय

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, चित्रांचे पत्ते दाखवून नावं पाठ करून घेतात, बालवाडीसारखं. एक शब्द जवळून बघू. किल्ली.

समोर किल्ली ठेवली. काका बघतात, हसतात, शब्द येत नाही. मी दहा सेकंद गप्प. ही दहा सेकंदं घरच्यांना जड जातात, कुणीतरी खुर्चीतून “कि… कि…” करायला लागतं, त्यांना मी डोळ्याने गप्प करते. मग विचारते: हिचं काय करतात? काका हात फिरवून दाखवतात. छान. कुठे ठेवता? खिशाकडे हात. कशाची असते? लोखंड, पितळ, यातलं काहीतरी येतं. हिच्याबरोबर काय लागतं? “कु… कुलूप!” आणि पुष्कळदा कुलपाच्या मागोमाग किल्ली येते. नाहीच आली तर वाक्य अर्धं सोडायचं: “दार उघडायचंय, जरा दे ती…” तरी नाही तर पहिला आवाज, “कि”. अगदी शेवटी पूर्ण शब्द, आणि तो त्यांनी माझ्यामागे म्हणायचा. मदत नेहमी कमीत कमी, पायरीपायरीने वाढवायची.

यामागचं तर्कशास्त्र बडोदेकराला सांगायला सोपं आहे. लहेरीपुरा दरवाज्यापाशी रस्ता खणला म्हणून जुन्या शहराच्या मधोमधची मांडवी नाहीशी होत नाही. चांपानेर, पाणीगेट, गेंडीगेट या बाकीच्या दरवाज्यांपैकी कुठून तरी पोचता येतं, आणि त्या वाटेने रोज जात राहिलं की तीच सवयीची होते. शब्दाची आठवण बहुतेकदा शिल्लक असते, तिथपर्यंतची वाट तुटलेली असते. वस्तूचा उपयोग, जागा, जोडीदार यांतून जाणं म्हणजे दुसऱ्या दरवाज्याने जाणं.

नामांवरच थांबलं तर माणूस यादी होऊन बसतो. वाक्य क्रियापदावर उभं राहतं, म्हणून ‘कापणे’ घ्यायचं आणि विचारायचं: कोण कापतं? काय कापतं? आई भाजी कापते. न्हावी केस कापतो. शिंपी कापड कापतो. एका क्रियापदाभोवती माणसं आणि वस्तू जमायला लागल्या की न शिकवलेली वाक्यंही हळूहळू सुटी होतात.

तिसरी गोष्ट माझी आवडती: तयार संवाद. रुग्णालाच विचारायचं की तुम्हाला कुठलं बोलणं स्वतः करायचंय. एका आजोबांचं उत्तर होतं, रिक्षा. मग “अलकापुरी जवुं छे. केटला लेशो?” (अलकापुरीला जायचंय. किती घ्याल?) ही दोन वाक्यं रोज घोटायची, आधी माझ्याबरोबर, मग मुलगा रिक्षावाला होऊन, मग तो मुद्दाम वेगळं उत्तर देऊन, मग खऱ्या रस्त्यावर. चाचणीचे गुण त्याने फारसे वाढत नाहीत. माणसाचा आत्मविश्वास वाढतो.

आता गाण्याबद्दल. घरचे आनंदाने सांगतात, “पाणी म्हणता येत नाही, पण आरती अख्खी म्हणतात!” खरं आहे. आरती, पाढे, वारांची नावं, एक ते वीस आकडे, आणि शिव्यासुद्धा आपोआप निघतात, कारण हे बोलणं शब्द निवडून जुळवावं लागत नाही. घडीव साच्यातून बाहेर येतं आणि मेंदूचा उजवा भागही त्यात बरीच मदत करतो. जन्मात शिवी न दिलेल्या आजोबांच्या तोंडून नर्ससमोर खणखणीत शिवी येते तेव्हा सूनबाईंनी लाजेने मरायचं कारण नाही. त्यांनी ती निवडलेली नसते.

पण रोज संध्याकाळी आरती म्हणवून घेतली की थेरपी झाली, असं धरू नका. आवाज फुटतो, धीर येतो, तेवढ्यापुरती ती उत्तम. गरजेच्या वेळी मागता येणारा शब्द त्यातून आपोआप मिळत नाही. सुरांचा शिस्तीत वापर करणारी पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेत मांडली गेली. रोजचं छोटं वाक्य दोन-तीन सुरांत गुणगुणायचं, डाव्या हाताने ताल धरायचा, मग हळूहळू सूर काढून घेत साध्या बोलण्यावर यायचं. ज्यांना समजतं बरं पण तोंडातून शब्द जवळजवळ निघत नाहीत त्यांना ती मानवते. वेर्निके प्रकाराला तिचा फारसा उपयोग नाही. तिथे तर कधीकधी बोलणं थांबवून ऐकायला शिकवणं हाच पहिला धडा असतो.

“सहा महिने झाले, आता काही होणार नाही”

हे वाक्य मला अक्षरशः खुपतं. पहिल्या तीनेक महिन्यांत सुधारणा वेगाने होते, मेंदूतली सूज उतरते, अर्धवट बंद पडलेले भाग जागे होतात, हे खरं. पुढे वेग मंदावतो, पण दार लागत नाही. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतला एक अभ्यास आला. त्यातल्या १५६ जणांना वाचाघात होऊन निदान सहा महिने लोटलेले होते. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास, अशी थेरपी ज्यांना लगेच मिळाली त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. ज्यांना थांबायला लावलं होतं त्यांचं त्या काळात सुधारलं नाही. त्याआधी २०१६ मध्ये जगभरच्या ५७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही थेरपीचा फायदा दिसला. जास्त तासांनी जास्त फायदा होतो असा कल आहे, पण दमून सोडून जाणारेही तिथेच जास्त निघाले.

म्हणजे आठवड्यातून एकदा अर्धा तास येऊन “काही फरक नाही” म्हणणं हा थेरपीवर अन्याय आहे. आणि दमलेल्या माणसाला रोज दोन तास रेटणं हा माणसावर. दोन-तीन बैठका आणि मधल्या दिवशी घरी वीस-वीस मिनिटांचा सराव, असा माझा साधारण बेत असतो.

खोटी आशाही देणार नाही. इजा मोठी असेल तर पूर्वीसारखं बोलणं बहुतेकदा परत येत नाही. वाचाघाताचा एक प्रकार झटक्याविना हळूहळू वाढत जातो. स्मृतिभ्रंशाच्या कुळातला तो आजार, आणि तिथे उपचाराचं ध्येय असलेलं टिकवणं हे असतं. शब्द परत आणणारी गोळी नाही. जाहिरातीत असली तरी.

उरलेले तास घराचे

आठवड्यातले तीन तास माझे. बाकीचा आठवडा घराचा. म्हणून मी रुग्णाइतकंच घराला शिकवते, आणि खरं सांगायचं तर घराला शिकवणं जास्त अवघड जातं.

एका घरातलं सांगते. काका सकाळपासून “दूध, दूध” करत होते. काकूंनी दूध दिलं, त्यांनी पेला सारला. गार दिलं, गरम दिलं, साखर घालून दिलं. काकांनी पेला भिंतीवर फेकला. मी गेले तेव्हा काकू रडत होत्या. कागद घेतला आणि ठळक अक्षरांत एकाखाली एक लिहिलं: प्यायचं, माणूस, पैसे. प्रत्येक शब्द वाचत बोट ठेवलं. ‘पैसे’वर काकांनी टेबलावर थाप मारली. महिन्याची एक तारीख होती, आणि दूधवाल्याचा हिशेब लग्न झाल्यापासून त्यांनी कधी चुकवला नव्हता. त्या महिन्यापासून पैसे मोजून देणं पुन्हा त्यांच्याकडे आलं. डाव्या हाताने, सावकाश, पण चोख.

कागद, जाड पेन, कॅलेंडर, घरच्यांचे फोटो, बडोद्याचा नकाशा. हे सामान खुर्चीशेजारी कायम असावं. बोलताना टीव्ही बंद. एका वेळी एकानेच बोलायचं. वाक्य आखूड, पण बाळबोध नाही. जन्मभर ज्यांना अहोजाहो केलं त्यांना “खाल्लं का बाळाने?” म्हणू नका, लहान मुलासारखं अरेतुरे तर नकोच. त्यांचं वाक्य त्यांनी मागितल्याखेरीज पुरं करू नका. आणि पाहुण्यांसमोर “सांगा बरं हे कोण?” अशी तोंडी परीक्षा तर घेऊच नका. माहीत असलेलं माहीत आहे हे समोरच्याने उघड मान्य करणं, टोरांटोच्या ऑरा केगन यांनी मांडलेल्या संवादपद्धतीचा पायाच हा आहे. “काका, तुम्हाला ठाऊक आहे, मलाच अजून कळलं नाही, परत बघू” असं म्हटलं की चिडचिड निम्मी होते.

हो-नाहीचा घोळ वेगळाच. वाचाघातात ‘नाही’ म्हणायचं असताना ‘हो’ निघून जातं, आणि त्यात आपली मान! आपण मान अशी डोलावतो की सख्ख्या भावालाही कळू नये. म्हणून अंगठा वर आणि अंगठा खाली ठरवून घ्या, किंवा कागदावर बरोबरची आणि फुलीची खूण. महत्त्वाचं असेल तर उलटून विचारा: “घरी जायचंय?” आणि मग “इथेच राहायचंय?” दोन्हीला हो आलं तर उत्तर मिळालेलं नाही.

सगळं जमूनही माणूस गप्प, उदास, जेवणावरून उठून जाणारा झाला तर ते नैराश्य असू शकतं. वाचाघातात ते खूप आढळतं आणि बोलता येत नसल्याने लपून राहतं. त्याचा उपचार वेगळा करावा लागतो, डॉक्टरांना सांगा.

कुठे जायचं, काय मागायचं

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी आहे का ते विचारा. विचारल्याचा राग आला तर दुसरा शोधा. पदवी बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी अशी असते. मोठ्या रुग्णालयात ही मंडळी न्यूरोपेक्षा नाक-कान-घसा विभागात सापडण्याची शक्यता जास्त. या विषयातली देशातली मोठी संस्था म्हैसूरला आहे, १९६५ साली सुरू झालेली. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. मराठी थेरपिस्ट बडोद्यात मिळाला नाही तर मुंबई-पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सराव घेता येतो. शेजारी घरचं माणूस बसलेलं असावं एवढंच.

कायद्यातलं एक कलम घरच्यांनी ध्यानात ठेवावं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत, त्यांत वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, आणि व्याख्येत अफेझियाचं नाव घेऊन उल्लेख आहे. त्रास कायमचा राहिला तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो. बँकेत उजव्या हाताची जुनी सही जुळत नाही म्हणून पेन्शन अडण्याआधीच शाखेत जाऊन डाव्या हाताची सही किंवा अंगठा यांची सोय विचारून घ्या, आणि काकांना बरोबर न्या. सही जमत नाही म्हणजे निर्णय घेता येत नाही, असा अर्थ बँकेनेही काढू नये आणि मुलांनीही.

आणि एक कार्ड करून घ्या, खिशात मावेल एवढं. “पक्षाघातामुळे मला बोलायला त्रास होतो. मला समजतं. थोडा वेळ द्या.” खाली घरच्या दोघांचे फोन नंबर. बडोद्यात राहत असाल तर पहिल्या बाजूला हा मजकूर गुजरातीत हवा, मागे हिंदीत. रिक्षावाला आणि दुकानदार तोच वाचणार. आधी कोपऱ्यावरच्या ओळखीच्या दुकानात त्यांनी स्वतः ते काढून दाखवावं, तुम्ही चार पावलं मागे उभं राहावं. तिथे जमलं की पुढच्या आठवड्यात मार्केट.